मिरजेची जवारी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमी आहेत, फुटबॉलचं वेड आहे आणि काही घरांत गवसणीतले तंबोरेही आहेत. त्यांतला एखादा बद्द वाजू लागला की त्याला मिरजेला न्यावं लागतं. अंतर जेमतेम ५० किलोमीटर. आमचा तंबोरा घेऊन मीही तिथल्या सतारमेकर गल्लीत शिरलो.

इथं दुकान आणि कारखाना वेगळे नाहीत. पुढे सतारी, तंबोरे मांडलेले. मागे भुश्शात बसून माणसं लाकूड तासतायत. वर आढ्याला भोपळे टांगलेले. ओलं लाकूड, सरस आणि स्पिरिट यांचा एकत्र वास. घरं मुसलमान कारागिरांची. यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि दुरुस्ती करता करता ते नवी वाद्यं घडवू लागले. आडनावही सतारमेकर झालं.

त्या काळच्या मिरजेत गिऱ्हाईक मोठं चोखंदळ होतं. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत; विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ या गावात राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आहे आणि उरुसात गवई तिथं आजही हजेरी लावतात. गवयाला सूर खटकला की तो वाद्य घेऊन पुन्हा दारात उभा राहणार. अशा गिऱ्हाइकांनीच या गल्लीचा कान तयार केला.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. मंगळवेढा, पंढरपूर भागात पिकणारा कडू भोपळा खाण्याच्या कामाचा नाही. तो वाळला की तोंड कापायचं, भिजवायचा, आतून साफ करायचा आणि काड्यांचा आधार देऊन हवा तसा गोल ताणून पुन्हा वाळवायचा. दांडीसाठीचं लाकूड कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. दांडी आतून पोकळ करतात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं दबते. कारागीर बोटानं टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा रंधा चालवतो. मग नक्षी, खुंट्या आणि चिंधीच्या बोळ्यानं चढवलेलं चपड्याचं पॉलिश.

एवढं झालं तरी तंबोरा मुकाच. त्याला बोलता करते ती जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला दिलेली घडण. माझा तंबोरा आडवा घेऊन दुकानातल्या वयस्कर कारागिरानं, चाचांनी, तारा सैल केल्या आणि घोडी उजेडात धरली. तारा घासून तिच्यावर बारीक चऱ्या पडल्या होत्या.

“पाव्हणं, ह्या चऱ्यांत तार अडकून बसलीया. झंकार कुठनं येणार?”

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, त्यातूनच मूळ स्वरावर इतर स्वरांचा झंकार उमटतो. चाचांनी कानस फिरवली, तार चढवली, छेडली, मान हलवली, पुन्हा तार उतरवली. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला. दोरा केसभर पुढे गेला तशी खर्जाची तार एकदम भरून आली. चाचांनी दुसऱ्या तारेकडे मोर्चा वळवला. चारही तारांचं असंच. याला माप नाही, नकाशा नाही. उस्तादाशेजारी वर्षानुवर्षं बसून हे ऐकायचं असतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे मिरजेचं नाव लावून कुठलाही माल खपवायला आळा बसेल, हे चांगलंच. पण गायनाच्या क्लासात आता मोबाईलचा तंबोरा वाजतो, आणि उस्तादाशेजारी बसायला पोरं तयार नाहीत. नव्या वाद्याची किंमत लाकूड, नक्षी, पॉलिश बघून ठरते. जवारी मात्र गिऱ्हाइकाला किरकोळ दुरुस्ती वाटते आणि तिथंच तो घासाघीस करतो. गल्लीचं खरं भांडवल तेच आहे, आणि तेच सगळ्यांत स्वस्तात जातं.

म्हणून गाणं शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एक विनंती. क्लासात निदान एक तरी खरा तंबोरा ठेवा, चऱ्या पडल्या की तो मिरजेला न्या, आणि जवारीची मजुरी चाचा सांगतील तेवढी द्या.