लंडनमध्ये बॉम्ब नेमका कुठे पडला?

पूर्व लंडनमध्ये एका मित्राच्या गल्लीत जुन्या विटांच्या घरांची सलग रांग आहे आणि मध्येच १९५० च्या दशकातली चार सपाट घरं. 'दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडला होता' असं शेजारी ठामपणे सांगतात. असं कानावर आलं की खरं-खोटं तपासल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिला आधार म्हणजे लंडन काउंटी कौन्सिलचे बॉम्बहानी नकाशे. नुकसान झालेली प्रत्येक इमारत हाताने रंगवलेली. काळा म्हणजे पूर्ण उद्ध्वस्त, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडची, पिवळा म्हणजे किरकोळ नुकसान. मोठं वर्तुळ व्ही-१ या उडत्या बॉम्बचं, छोटं व्ही-२ रॉकेटचं. बघत बसलं की तास कसे जातात कळत नाही!

पण या नकाशांवर हल्ल्याची तारीख नसते. घर सप्टेंबर १९४० मध्ये पडलं की १९४१ मध्ये, हे रंगावरून कळणार नाही. त्यासाठी दुसरा आधार लागतो: लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधले 'बॉम्ब सेन्सस'चे, म्हणजे बॉम्बहल्ल्यांच्या सरकारी नोंदींचे कागद.

तिसरा आधार कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नागरी मृतांची यादी. नाव, वय, पत्ता, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. एकाच घरक्रमांकावर, एकाच तारखेला तीन-चार नावं दिसली की तारखेचा प्रश्न बहुतेक सुटतो. ही यादी ऑनलाइन फुकट शोधता येते.

आणि हो, प्रत्येक नवी इमारत बॉम्बमुळे आलेली नसते. युद्धानंतर पालिकांनीही जुन्या वस्त्या भरपूर पाडल्या.

लंडनमध्ये राहत असाल आणि तुमच्या गल्लीबद्दल असं काही ऐकलं असेल, तर कमेंटमध्ये विचारा. घरक्रमांक मात्र टाकू नका, गल्लीचं नाव पुरे.