पनवेलकरांनो, वाचनालयाचं कार्ड काढलंत का?

मुंबई-गोवा महामार्गाने जाताना कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आपण कितीदा पाहतो! गोनीदांची 'जैत रे जैत' वाचा, मग तो नुसता सुळका राहत नाही. राणीमाशीने डोळा फोडल्यावर सगळी पोळी उतरवायला निघालेला ठाकर नाग्या तिथे दिसायला लागतो. जब्बार पटेलांचा सिनेमा (1977) पाहिलेल्यांनीही कादंबरी वाचावी. तिची बोली कानात राहते. ती संपली की लगेच 'माचीवरला बुधा' घ्या, राजमाचीचा.

ही पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पनवेलमध्ये के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे निवृत्तांची पेपर वाचायची जागा, हा समज आता सोडा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, ग्रंथालयांना अ, ब, क, ड दर्जा मिळतो आणि त्यावर अनुदान ठरतं. म्हणजे हा पैसा आपलाच.

खरी चैन दिवाळीनंतर. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे वेड चालू आहे. सगळे अंक विकत घेणं खिशाला झेपत नाही. बऱ्याच वाचनालयांत थोड्या वर्गणीत महिनोन्‌महिने आलटूनपालटून वाचता येतात. फक्त शब्दकोडं पेनाने सोडवू नका, पुढचा माणूस शिव्या घालतो (मी घातल्यात).

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्याआधीच जाऊन वर्गणी, अनामत आणि वेळ विचारून या.