वाशीचा भाव जास्त, पण हातात किती?



कारल्याला वाशी मार्केटला ३२ रुपये किलो, पनवेलला २६. माल कुठे न्याल? आधी हिशेब मांडा. (आकडे उदाहरणापुरते)

▪️ वाशी: २०० किलो = ६,४००. टेम्पोभाडं १,४००, हमाली-तोलाई २००. हातात ४,८००. किलोला २४ रु.
▪️ पनवेल: २०० किलो = ५,२००. भाडं ३००. हातात ४,९००. किलोला २४.५० रु.

भाव सहा रुपये जास्त, तरी वाशीत शंभर रुपये कमीच!

आता तिघांनी मिळून तोच टेम्पो ६०० किलो भरला तर? १९,२०० मधून भाडं १,४०० आणि हमाली-तोलाई ६०० वजा. राहिले १७,२००. किलोला जवळपास २८.६५ रु. आता वाशी परवडते.

हे डोक्यात राहत नाही, म्हणून मोबाईलवर गूगल शीट्समध्ये लिहा. रकाने: तारीख, पीक, बाजार, किलो, भाव, भाडं, हमाली-तोलाई, हातात आलेले. शेवटच्या रकान्यात बरोबरचं चिन्ह टाकून सूत्र एकदाच बसवा: किलो गुणिले भाव, वजा भाडं, वजा हमाली-तोलाई. पुढच्या ओळींत तेच कॉपी करा. आकड्यापुढे ‘किलो’ किंवा ‘रु.’ लिहू नका, गणित अडतं.

पट्टी हातात पडली की त्याच संध्याकाळी नोंद करा. पट्टीत आडत कापलेली दिसली तर विचारा: भाजीपाल्याची आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही.

महिनाभराच्या पट्ट्या घेऊन ऑफिसला या, पहिली शीट सोबत बसून करू. पुढची लागवड त्यावरूनच ठरवू.

– तुमचा कृषी सल्लागार, पनवेल