सुक्या गोदीच्या भिंती

पाणबुडी महिनोन् महिने पाण्याखाली राहू शकते. परंतु दुरुस्तीसाठी मात्र तिला पाण्याबाहेर यावे लागते. पण १७० मीटर लांबीची पाणबुडी उचलून किनाऱ्यावर ठेवणार कोण? म्हणून जहाज उचलण्याऐवजी त्याच्या भोवतालचे पाणीच काढून टाकण्याची युक्ती माणसाने शोधून काढली. सुकी गोदी ती हीच. मुंबईत लवजी वाडिया यांनी १७५० मध्ये बांधलेली गोदी याच प्रकारची होय.

सुकी गोदी म्हणजे समुद्रकाठी बांधलेला एक प्रचंड हौद. समुद्राकडील दार उघडून पाणबुडी आत घेतात, दार लावतात आणि पंपांनी पाणी उपसतात. पाणी ओसरू लागले की पाणबुडी खाली सरकते व तळाशी आधीच नेमक्या जागी मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकते.

या हौदाच्या भिंतींवर मागील बाजूने ओल्या मातीचा अखंड रेटा असतो. हौद भरलेला असताना आतील पाणी त्या रेट्याला थोपवून धरते. तो रिकामा झाला की सारा भार भिंतीला एकटीला पेलावा लागतो. एरवी ती तो पेलते. पण धरणीकंप झाला तर?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन येथे नौदलाचा जहाज-दुरुस्तीचा कारखाना आहे. तो १८९१ मध्ये स्थापन झाला. हा प्रदेश भूकंपाचा. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी येथील एका भूकंपाने जवळच्या बेटाचा किनारा कित्येक मीटर वर उचलला गेला होता. जुन्या गोद्या बांधल्या गेल्या तेव्हा हे ज्ञान कोणालाच नव्हते. पुढे भिंतींची नव्याने तपासणी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये नौदलाने ब्रेमर्टन येथील तीन व जवळच्याच बँगॉर येथील एक अशा चार गोद्यांचा वापर थांबविला.

निर्णय सोपा नव्हता. अशा गोद्या मोजक्याच. त्या बंद, म्हणजे पाणबुड्या खोळंबल्या. परंतु दुरुस्तीला घेतलेल्या पाणबुडीचे कवच ठिकठिकाणी कापून उघडलेले असते. अशा वेळी भिंत कोसळून पाणी आत घुसले, तर ती तरंगू शकत नाही. तिच्या पोटात अणुभट्टी आणि भोवती कामगार. खोळंबा पत्करला, हेच योग्य झाले.

नव्या भिंती बांधण्यास वर्षे लागली असती. म्हणून अभियंत्यांनी जुन्याच भिंतींना आरपार छिद्रे पाडली, त्यांतून लांब पोलादी सळया मागील जमिनीत खोलवर नेल्या आणि सिमेंटच्या पातळ मिश्रणाने त्या पक्क्या केल्या. तंबूच्या दोऱ्या खुंट्यांना ताणून बांधाव्यात, तशाच या भिंती जमिनीला जखडल्या गेल्या. शिवाय धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही सुधारण्यात आली. भूकंपाच्या सौम्य लहरी आधी पोहोचतात व विध्वंसक लहरी मागून येतात. मधल्या काही सेकंदांत कामगारांना सावध करता येते.

काही महिन्यांतच पाणबुड्यांच्या गोद्या पुन्हा खुल्या झाल्या आणि खोळंबलेल्या दुरुस्तीची कामे मार्गी लागली.