नदीकाठची बाग आणि नगराची तिजोरी

नदीच्या काठी एखादी सुंदर बाग असावी, या गोष्टीला विरोध करणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. तरीही पुण्याच्या मुळा-मुठेचा काठ सुशोभित करण्याच्या प्रश्नावरून गेली कित्येक वर्षे सभा, मोर्चे आणि न्यायालयीन झगडे चालू आहेत. पैसा कोठून आणायचा, तो आधी कशावर खर्चायचा आणि हे ठरवायचे कोणी, या तीन प्रश्नांवर तेथे मतभेद आहेत. त्या तीन प्रश्नांची उकल येथे यथाशक्ती करावी, असा आमचा हेतू आहे.

पुण्याच्या नदीचा विचार वरवे बुद्रुकसारख्या गावी बसून का करावा, असे कोणी विचारील. कात्रजचा घाट हा आपल्या आणि पुण्याच्या पाण्याचा बांध आहे. घाटाच्या अलीकडचे आपले पाणी शिवगंगेतून गुंजवणीत आणि गुंजवणीतून नीरेत जाते. पलीकडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते. पण नीरा-नरसिंहपुरी नीरा भीमेला भेटते, आणि घाटाने वेगळी केलेली पाणी तेथे एक होतात. शिवाय पुणे ज्या पाण्यावर जगते, ते पानशेत आणि वरसगावच्या धरणांत, म्हणजे आपल्या शेजारच्या वेल्ह्याच्या डोंगरांत साठते. नदी शहरात शिरते तेव्हा ती आपल्या मुलखातून गेलेली असते. शहरातून बाहेर पडते तेव्हा तिचे काय झालेले असते, हे दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला विचारावे. म्हणून हा प्रश्न केवळ पुणेकरांचा नाही.

पुण्याला नदीकाठची बाग नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्याच्या काठी पुढे जी बाग फुलली, ती 'बंडगार्डन' म्हणून आजही ओळखली जाते. तेव्हा एका दानशूर गृहस्थाने आपली थैली मोकळी केली होती. आजच्या योजनेत थैली नागरिकांची आहे, म्हणून तिचा हिशेब मागण्याचा हक्कही नागरिकांचा आहे.

आता योजना काय आहे ते पाहू. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ बांधून काढायचा, बंधारे घालून पाणी अडवायचे आणि काठाने पायवाटा, सायकलवाटा, घाट व उद्याने करायची, अशी ही कल्पना आहे. अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेने तिचा आराखडा केला. काम ११ टप्प्यांत विभागले आहे. प्रारंभीचा खर्चाचा अंदाज २,६१९ कोटी रुपयांचा होता. पुढे तो ४,७२७ कोटींवर गेला. सरासरी काढली तर एका किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक रुपये पडतात. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते योजनेचा पायाभरणी समारंभ झाला.

एवढा पैसा नगरपालिका आणते कोठून? तिच्यापुढे ढोबळ मानाने चार वाटा असतात. पहिली वाट घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क अशा स्वतःच्या उत्पन्नाची. दुसरी राज्य व केंद्र सरकारच्या अनुदानाची. तिसरी कर्जाची. पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटींचे रोखे काढले होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ साली मुळा नदीकाठच्या कामासाठी २०० कोटींचे रोखे काढले. रोखा म्हणजे सावकाराऐवजी बाजारातून घेतलेले कर्जच. ते पुढच्या वर्षांच्या पट्टीतून व्याजासह फेडावे लागते. आज बागेत फिरणाऱ्याचे बिल उद्याच्या करदात्याकडे जाते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

चौथी वाट जमिनीची, आणि सर्वांत जास्त वाद तिच्याभोवती आहे. रोख पैसा न देता ठेकेदाराला किंवा जमीनमालकाला बांधकामाचा वाढीव हक्क द्यायचा, किंवा पुढे भरावयाच्या शुल्कात वजावट मिळेल असा कागद द्यायचा, या रीती आता रूढ झाल्या आहेत. तिजोरीतून पैसा गेलेला दिसत नाही, म्हणून काम फुकटात झाल्यासारखे वाटते. वस्तुतः पुढे येणारे उत्पन्न आजच दिलेले असते. घरातील धान्य विकण्याऐवजी उभे पीक गहाण टाकावे, त्यातलाच हा प्रकार.

या वाटेचा मोठा दाखला अहमदाबादेत आहे. साबरमतीचा काठ बांधण्यासाठी तेथील महापालिकेने १९९७ साली एक स्वतंत्र कंपनी काढली. प्रत्यक्ष काम २००५ च्या सुमारास सुरू झाले आणि २०१२ पासून काठ लोकांना खुला होऊ लागला. नदीच्या पात्रालगत भर घालून नवी जमीन तयार करायची आणि तिचा काही हिस्सा विकून खर्च भरून काढायचा, हे तिच्या हिशेबाचे मूळ. लोक संध्याकाळी तेथे आनंदाने फिरतात, हे खरे. काठावरच्या हजारो झोपडीवासी कुटुंबांना उठावे लागले, हेही खरे. आणि शहरातून जे भरलेले पात्र दिसते त्यातले पाणी नर्मदेच्या कालव्याचे असून वासणा येथील बंधाऱ्याने ते अडवलेले आहे. पुण्याची नदी तशी नाही. ती सह्याद्रीच्या पावसाने दर वर्षी खरोखर फुगते, आणि उन्हाळ्यात तिच्यात जे वाहते ते बव्हंशी सांडपाणी असते.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, तो क्रमाचा. नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जातून वेगळी योजना मंजूर झाली. तिचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. खर्चाचा अंदाज सुमारे ९९० कोटींचा; त्यातला ८५ टक्के भार केंद्राचा आणि १५ टक्के महापालिकेचा. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारून दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करायचे, असे ठरले. हे काम मूळ मुदतीत पुरे झाले नाही. प्रत्यक्ष बांधकामाला लागण्यातच कित्येक वर्षे गेली. काठाचा खर्च या शुद्धीकरणाच्या खर्चाच्या पावणेपाच पट आहे. बंधारा घालून अडवलेले पाणी शुद्ध असेल तर सरोवर होते, मैलायुक्त असेल तर डबके होते. आधी पाणी, मग काठ, असे टीकाकार म्हणतात ते यामुळेच.

पुराचा मुद्दा याहून गंभीर आहे. पाटबंधारे खाते नदीच्या दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषांच्या आत पात्र अरुंद होईल असे काही करू नये, हा साधा नियम. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या; ती आठवण वेल्हे आणि पुणे यांची सामाईक आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले असता सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. तेथे नव्या योजनेचे काम झालेले नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण नदीला जागा कमी पडली की काय होते, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले. वास्तुरचनाकार सारंग यादवाडकर यांच्यासारखे नागरिक हाच मुद्दा घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. काठावरील झाडे तुटणार म्हणून एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी 'चिपको'चा नारा देत मोर्चा काढला.

योजनेच्या कैवाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. नदीकडे पाठ फिरवून शहर वाढले. काठावर राडारोडा पडला, अतिक्रमणे झाली, नदीपर्यंत जायला वाट उरली नाही. लोक नदीपाशी येऊ लागले तर ती घाण करण्याची लाज वाटू लागेल, असे ते म्हणतात. काठालगत मैलावाहिन्या टाकल्या जातील आणि पूर वाहून नेण्याची क्षमता वाढेल, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. यातले पहिले म्हणणे आम्हांला पटते. दुसऱ्याची परीक्षा मात्र भाषणांनी होणार नाही. ती मोजमापाने व्हावी, आणि मोजमापाचे कागद सर्वांना पाहता यावेत.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. पायाभरणी ६ मार्च २०२२ ची. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात पुणे महापालिकेची मुदत संपली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शहराला नगरसेवकच नव्हते. त्या पावणेचार वर्षांत अंदाजपत्रके प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. झाडे तुटली, भिंती उठल्या. पण ज्याला सभागृहात उभे राहून 'हा पैसा आधी शुद्धीकरणाला का नाही?' असे विचारता आले असते, तो प्रतिनिधी जागेवर नव्हता. लोक रस्त्यावर आणि न्यायालयात गेले याचे एक कारण येथे आहे.

आपल्या गावात ग्रामपंचायतीने गटार बांधले तरी त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. कोणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी. उद्या शिवगंगेच्या काठी घाट किंवा बाग करण्याची योजना आली, आणि महामार्गालगत वस्ती ज्या वेगाने वाढते आहे ते पाहता ती केव्हा तरी येईलच, तर तिचे स्वागत करावे. परंतु फीत कापण्यापूर्वी ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. सांडपाण्याची सोय आधी झाली आहे काय? पैसा अनुदानाचा की कर्जाचा, आणि कर्ज असेल तर फेड कोणत्या वर्षापर्यंत? पुराची रेषा कोठून जाते? आणि देखभालीला दर वर्षी किती लागणार? या चार उत्तरांचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागल्यावर जो नारळ फुटेल, तो फोडायला आम्हीही आनंदाने येऊ.