ओला पावसाळा, कोरडे कपडे आणि लोकरीचे चेंडू

आषाढ-श्रावणातील पनवेल आपल्या परिचयाचे आहे. कर्नाळ्याचा सुळका दिवसेंदिवस ढगांआड असतो आणि घराघरांतील बाल्कनीत दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात. टॉवेलला कुबट वास येतो, लहानग्यांची बनियन हाताला गार लागते, आणि शेवटी ‘अंगाच्या उबेने वाळेल’ असे म्हणत आपण ती तशीच त्यांच्या अंगात घालतो. हीच चूक त्वचेला महागात पडते. गजकर्णासारख्या बुरशीजन्य विकारांना ओलावा आणि ऊब ही जोडी फार मानवते. काखा, जांघा, कंबरपट्टा या जागी दमट कपडा दिवसभर घासत राहिला, की या विकारांना आयतीच संधी मिळते.

यावर उपाय म्हणून आता अनेक कुटुंबांनी गरम हवेचा ड्रायर घेतला आहे. त्याच्यासोबत मऊपणासाठी सुगंधी द्रव किंवा ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागदही घरात येतात. त्यांचे कार्य समजून घेतले पाहिजे. ही द्रव्ये धाग्यांवर एक पातळ, स्निग्ध थर चढवतात; त्यामुळे कपडा मऊ लागतो. परंतु त्याच थरामुळे टॉवेलची पाणी शोषण्याची क्षमता घटते आणि घाम टिपणारा सुती कपडा आपले काम नीट करीत नाही. शिवाय त्यातील कृत्रिम सुगंध काहींच्या नाजूक त्वचेला, तसेच दम्याच्या रुग्णांना सोसत नाही.

लोकरीचे चेंडू हा यावरील साधा पर्याय आहे. टेनिसच्या चेंडूएवढे, घट्ट लोकरीचे तीन ते सहा गोळे ओल्या कपड्यांसोबत ड्रायरमध्ये टाकायचे. पिंप फिरू लागले की ते कपड्यांमध्ये आपटत राहतात, चादरींचे गुंडाळलेले बोळे सुटे करतात आणि गरम हवेला आत वाट करून देतात. सततच्या आपटण्याने धागे मोकळे होऊन कपडा मऊ होतो. त्यावर कोणताही थर चढत नाही. लोकर स्वतःही थोडा ओलावा शोषते. वेळ किती वाचेल, हे मात्र कपड्यांच्या वजनावर आणि यंत्रावर अवलंबून असते. तेव्हा जाहिरातीतील टक्केवारीवर विसंबू नका. तेच कपडे एकदा चेंडूंसह आणि एकदा चेंडूंविना वाळवून घड्याळ पाहा. यंत्र अर्धे ते दोन-तृतीयांशच भरा. ठासून भरलेल्या पिंपात चेंडूंना हलायला जागाच उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातील ज्या भागाला आपण ‘ड्रायर’ म्हणतो, तो कपडे केवळ वेगाने गरगर फिरवून पाणी काढून टाकतो. तेथे गरम हवा नसते. त्यात हे चेंडू टाकू नयेत; उपयोग नाहीच, उलट तोल बिघडून यंत्र हादरण्याची शक्यता असते. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात होत असेल, तर धुणे संपल्यावरच चेंडू आत ठेवा.

चेंडू घरीही करता येतात. मात्र लोकर अस्सल मेंढीची हवी. बाजारात विणकामासाठी ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो आणि तो कधीच आवळून घट्ट होत नाही. अस्सल लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्ण पाणी, साबण आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळते. धागा घट्ट गुंडाळून गोळा करा, जुन्या सुती मोज्यात घालून गाठ मारा, कपड्यांसोबत गरम पाण्यात धुवा आणि वाळवा. दोन-तीन वेळा असे केले की गोळा घट्ट होतो. त्यावर आणखी एक थर गुंडाळून तीच कृती पुन्हा करावी.

ही विद्या आपल्याला नवी नाही. दख्खनी मेंढीच्या काळ्या, भरड लोकरीपासून आपल्याकडे घोंगडी विणली जाते आणि न विणता, लोकर भिजवून-दाबून जेन केले जाते. पावसाळा सरला की घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि भात निघालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात. त्याच कळपांच्या लोकरीला आज भाव मिळत नाही. पुष्कळदा ती कातरल्यावर टाकूनच दिली जाते. ही लोकर चेंडूंसाठी उपयोगी पडू शकते. ती स्वच्छ धुतलेली असावी आणि रंग न सुटणाऱ्या गडद कपड्यांसोबत आधी वापरून पाहावी.

काही पथ्ये पाळा. लोकरीची ॲलर्जी असलेल्यांनी हा प्रयोग टाळावा. चेंडूंवर सुगंधी तेल शिंपडण्याचा मोह आवरा. तेल आणि उष्णता एकत्र आल्यास आगीचा धोका असतो. यंत्राची धाग्यांची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा.

ड्रायर नसला, तरी निराश होऊ नका. कपडे दोनदा पिळून घ्या, दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवा, खिडकी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा आणि आतले कपडे शेवटी इस्त्रीने पूर्ण कोरडे करा. बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी भिंतींवर बुरशी होऊन परत येते, हे विसरू नका.

साधन कोणतेही असो, कसोटी एकच: कपाटात ठेवण्यापूर्वी शिवणीवर आणि इलॅस्टिकवर बोट दाबून पाहा. तेथे गारवा लागला, तर तो कपडा अजून अंगाला लावण्याजोगा झालेला नाही.