त्वचेचा लिम्फोमा : हटवादी चट्ट्याची ओळख

वेळापूर पंचक्रोशीत अंगावर चट्टा उठला की तो गजकर्ण वा इसब समजला जातो. बहुधा तो तसाच असतो. क्वचित मात्र शरीराच्या रक्षक टी-पेशीच कर्करोगग्रस्त होऊन त्वचेत साठतात. १८०६ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी या रोगाचे प्रथम वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्याने पुढे ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे नाव रूढ झाले. परंतु हा रोग बुरशीचा नाही, संसर्गजन्यही नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील डॉ. रिचर्ड एडेलसन यांनी रुग्णाच्या रक्तपेशींवर शरीराबाहेर अतिनील किरणांचा उपचार यशस्वी करून दाखविला. प्रारंभीच निदान झाल्यास रोग बहुधा दीर्घकाळ आटोक्यात राहतो. म्हणून महिनोन्महिने न हटणाऱ्या चट्ट्याची बायोप्सी, आवश्यक तर पुनःपुन्हा, करून घ्यावी, अशी आम्ही कुटुंबीयांना कळकळीची विनंती करतो.